घडी घालायची नाही

बेंगळुरातल्या गांधी बाजारात कुणालाही विचारा, लग्नाचा कोट कुठं शिवायचा. कृष्णाजी अण्णाचं नाव सांगतील. तो मी. शाळा सातवीत सुटली, पण माझ्या दुकानातनं वाकडी बाही घेऊन माणूस गेला, असं अजून झालेलं नाही. तरी आज माझं नाही, धाकट्या बहिणीचं सांगायचंय. संध्याचं. आमच्या सगळ्या शिंप्यांच्या खानदानात एक्स-रे काढायला शिकलेली ती पहिली. तिच्या शिक्षणासाठी मी रात्रंदिवस मशीन मारली हे तीच सगळ्यांना सांगते, मी कशाला सांगू.

बसवनगुडीतल्या एका लहान हॉस्पिटलात ती कामाला आहे. मोडलेल्या हाडाचं ऑपरेशन असलं की डॉक्टरांना आतलं दिसावं म्हणून एक्स-रेचं फिरतं मशीन टेबलाजवळ लावतात. ते चालवायला ही शेजारी उभी. अंगावर लेड एप्रन, म्हणजे रबरासारखा जाड डगला, आत शिसं. किरणं अंगात शिरू नयेत म्हणून. मी एकदा हातात घेऊन बघितला. वजन दांडगं, शिलाई भिकार.

काम झालं की बाकीचे ते एप्रन खुर्चीवर फेकून जायचे. संध्याला ते बघवायचं नाही. शिंप्याच्या घरची पोरगी! आमच्याकडं कापड तसंच टाकलं तर आई जेवायला वाढायची नाही. ही सगळे एप्रन गोळा करायची, काठाला काठ लावायची, हातानं दाबून घडी घालायची आणि कपाटात रचायची. मोठे डॉक्टर म्हणायचे, "संध्याचं कपाट बघा, साडीचं दुकान!" घडी घालायला तिला मी शिकवलेलं. तिच्या घडीला तोड नव्हती.

लग्नानंतर बरीच वर्षं वाट बघितल्यावर तिला दिवस राहिले. आईनं लगेच बजावलं, "तिसरा महिना सरेस्तोवर बाहेर शब्द काढायचा नाही. दृष्ट लागते." आमच्यात तसंच असतं. मला तेवढं सांगितलं, कारण बाळाची कुंची मीच शिवणार. हॉस्पिटलात सांगितलं असतं तर तिला त्या मशीनपासून लांब ठेवलं असतं, तसा नियमच आहे. पण आईचा शब्द कोण मोडणार?

"एप्रन आहे की अण्णा," म्हणायची. "पोट झाकलेलं असतं."

मी कुंची शिवली. लाल खणाची, आतनं मलमल. टाका शोधून सापडायचा नाही. तसली कुंची अख्ख्या बेंगळुरात दाखवा मला.

तिसरा महिना सरायच्या आत सगळं संपलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असं पुष्कळ जणींना होतं. कशानं झालं ते सांगता येत नाही." संध्या पुन्हा कामाला लागली. एक दिवस खोली रिकामी बघून तिनं आपला एप्रन टेबलावर पसरला आणि वर ते मशीन लावलं. पडद्यावर एप्रन सगळा काळा दिसायला हवा. मधोमध उजेडाची रेघ. दुसरा लावला, त्यातही रेघ. सगळ्यांत.

संध्याकाळी दुकानात आली. मी कोटाला कॉलर लावत होतो.

"अण्णा, कापड आधी कुठं विरतं?"

"घडीवर. हे काय विचारणं झालं?"

"शिसंही घडीवरच तुटतं. घडी कुठं यायची सांगू? पोटावर."

मी कॉलर बाजूला ठेवली.

"डॉक्टरीणबाई काय म्हणतात?" मी विचारलं.

"एवढ्या भेगेनं काही होत नाही म्हणतात."

"मग त्यानं नसेल झालं गं."

"नसेल. पण नाहीच झालं, हे मला कोण सांगणार?"

तिच्या हाताखाली अमृता नावाची नवी पोरगी आली होती. एका सकाळी तिनं कॉफी लांब सारली. संध्यानं ओळखलं.

"दिवस गेलेत ना?"

"अक्का, कुणाला सांगू नका. अम्मा म्हणते दृष्ट लागते."

"लागायची ती मला लागू दे. तू आत्ता सांग."

हाताला धरून तिला डॉक्टरांसमोर उभी केली. म्हणाली, हिला मशीनपासून लांब ठेवा, आणि हे सगळे एप्रन टाकून नवे आणा.

"सगळे?" डॉक्टर म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू संध्या. तोवर स्वल्प अडजस्ट करा. खराब कुणी केले हे?"

"मी केले सर. रोज घड्या घातल्या. पोटात पोर होतं तेव्हा त्यातलाच एक घालून तुमच्या शेजारी उभी होते."

हॉस्पिटलात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसत बसले. मग म्हणाले, "सरी, बरं. मागवतो नवे."

नवे एप्रन आले. त्या वजनानं साधे हँगर मोडायला लागले, तेव्हा मी दुकानातले दिले. कोटाचे, रुंद खांद्याचे, सागवानी. असले बाजारात मिळत नाहीत. वर भिंतीवर कन्नडात लिहिलंय, "मडचबेडी". घडी घालायची नाही. आता संध्या अधनंमधनं एकेक एप्रन मशीनखाली धरून तपासते. आणि एक्स-रेला बाई आली की सासूला बाहेर बसवून हळूच विचारते, दिवस गेलेत का. माझी बहीण आहे ती!

अमृताला मुलगी झाली. बारसं ठरलं तेव्हा मी संध्याला म्हटलं, "तुझ्याकडं ती लाल कुंची पडूनच आहे, देऊन टाकायची?"

"ती नको अण्णा. दुसरी शिव."

शिवली, हिरवी. द्यायला संध्याच्या घरी गेलो. ती पिशवी आणायला आत गेली आणि कपाट उघडंच राहिलं. माझ्या कोटाच्या हँगरवर लाल कुंची टांगलेली. खांदा एवढा रुंद, कुंची ती केवढीशी, एका टोकाला घसरलेली.

"हँगर मोठा पडतोय गं," मी म्हटलं. "लहान करून देतो."

"राहू दे अण्णा," ती म्हणाली. कुंची सरळ केली आणि कपाट लावून घेतलं.