शेजारच्या खुर्चीकडचा कान

माझा धाकटा भाऊ एका छोट्या खासगी विमान कंपनीत सहवैमानिक होता. नव्वदच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. अशा कंपन्या तेव्हा नव्यानेच निघाल्या होत्या. त्याच्या कंपनीची विमानं मुंबईहून जवळच्या गावांना जायची. चाळीस मिनिटांचं उड्डाण, वीस मिनिटं थांबा, की परत. जाऊन-येऊन अशा दिवसाला सहा फेऱ्या. मी सिल्वासात एका मराठी दैनिकाचा बातमीदार होतो आणि जवळच सामरवरणीत भाड्याने राहत होतो. सुट्टी मिळाली की तो रेल्वेने वापीला उतरून आमच्याकडे यायचा आणि बहुतेक वेळ झोपून काढायचा.

घरमालक दर वेळी विचारायचे, "काय कॅप्टनसाहेब, आज दुबईहून का?"

"भावनगरहून, काका," तो सांगायचा.

मुंबईत विमानतळाजवळच्या दोन खोल्यांत ते सहा वैमानिक राहत. पलंग चार. कोणीतरी कामावर असणारच, हा हिशेब. जेवण थांब्याच्या वीस मिनिटांतल्या उरलेल्या दहा मिनिटांत, गुडघ्यावर डबा ठेवून. आजारी असल्याचं दोनदा कळवलं की महिनाभर राखीव यादीत नाव जायचं. म्हणजे गणवेश घालून दिवसभर विमानतळावर बसायचं, उडायचं नाही. मोठ्या विमानांच्या नोकरीला उड्डाणाचे तास लागत, म्हणून राखीव यादीला सगळे भीत. सिल्वासातल्या कामगारांच्या अशाच खोल्यांवर मी दोन बातम्या केल्या होत्या. भावाच्या खोलीवर करावी, हे मला सुचलं नव्हतं.

एप्रिलमधल्या एका रविवारी दुपारी तो ओट्यावर दोन्ही कानांवर स्टीलचे पेले उलटे धरून बसला होता. पेल्यांत गरम पाण्यात पिळलेली फडकी होती. सर्दी असताना विमान वर-खाली झालं की कान गच्च बसतात, वाफेने ते सुटतात, असं विमानातली सगळीच माणसं मानत. लांब पल्ल्याच्या विमानात हे दिवसातून एकदा होतं. याच्या कानांवर तो दाब दिवसातून बारा वेळा यायचा.

आमचे शेजारी नंदुरबारकडचे. धाग्याच्या कारखान्यात, धाग्याला पीळ देणाऱ्या टेक्स्चराइज खात्यात फिटर. त्या खात्यातल्या आवाजात शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. ते चहाला आले आणि पेले बघून म्हणाले, "कॅप्टन, दोन दोन फोन एकदम? एक मुलीकडच्यांचा असंल, दुसरा कोणाचा?"

भावाने त्यांच्याकडे पाहिलं, मग हसला. डाव्या हातातला पेला खाली ठेवून त्याने चहा घेतला.

शेजारी थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग मला फाटकापाशी घेऊन गेले.

"भाऊ, हा ओठ वाचतो."

"सर्दी झालीय त्याला."

"सर्दीवाला 'आँ?' करतो. हा आधी मान वळवतो, तोंड बघतो, मग बोलतो. अकरा वर्षं झाली मला हेच करताना. खात्यातले आम्ही सगळेच करतो. थांबा, दाखवतो."

ते परत गेले आणि भावाच्या डाव्या खांद्यामागे, हातभर अंतरावर उभे राहिले. त्याच्या उजव्या कानावर पेला होता, डावा मोकळा होता. नेहमीच्या आवाजात ते म्हणाले, "कॅप्टन, चहात पाल पडली तुमच्या."

भावाने घोट घेतला. मग दुसरा घेतला.

माझी बायको दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. मी समोर जाऊन विचारलं, "कधीपासून?"

तो काय ते समजला. "फेब्रुवारी. उतरताना काहीतरी फाटल्यासारखं झालं. रक्त आलं थोडं. त्या दिवशी अजून चार फेऱ्या होत्या."

"त्या केल्यास?"

"मग कोण करणार?"

वैमानिकांची वैद्यकीय तपासणी दर सहा महिन्यांनी असे. त्याची आता जूनमध्ये होती.

"पण विमानात चालतं कसं तुझं?" मी विचारलं.

त्याने शांतपणे सांगितलं. सहवैमानिक उजव्या खुर्चीवर बसतो. तो उजव्या कानाला हेडफोन लावतो, त्यात जमिनीवरचा नियंत्रक बोलतो. डावा कान शेजारच्या कॅप्टनसाठी मोकळा ठेवतात. जुन्या विमानात एकमेकांशी यंत्रावरून बोलायला बटण दाबावं लागायचं, म्हणून घाईच्या वेळी सगळे तोंडानेच बोलत. त्याचा गेलेला कान तोच होता.

"म्हणजे कॅप्टन काय म्हणतो ते तुला कळत नाही?"

"ते बोट दाखवतात. मीही दाखवतो."

"त्यांना माहीत आहे?"

"दादा, त्यांचा उजवा गेलाय. माझ्याआधी दोन वर्षं. तपासणीचे डॉक्टर त्यांच्या ओळखीचे."

कॅप्टन डाव्या खुर्चीवर. त्याचा उजवा कान म्हणजे माझ्या भावाकडचा कान. वीस प्रवाशांच्या पुढे बसलेली ही दोन माणसं एकमेकांचं बोलणं ऐकू शकत नव्हती.

"आणि तुम्हा दोघांनाच एकत्र लावतात?"

"आम्ही मागून घेतो," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणाबरोबर गेलो तर एका दिवसात कळेल."

शेजारी फिटर ओट्याच्या कडेला टेकले. ते म्हणाले, "आमच्या खात्यात दोन बहिरे एका मशीनवर ठेवत नाहीत हो. हात गेला तर दुसऱ्याला ओरडणं ऐकू यायला पाहिजे."

सोमवारी सकाळी सातला त्याची पहिली फेरी होती. त्यासाठी रविवारी संध्याकाळच्या गाडीने निघायला हवं होतं. त्याने पिशवी भरली, पुन्हा उघडली. पाच वाजता तो मला म्हणाला, "चल बरोबर." आम्ही रस्त्यावरच्या एसटीडी बूथवर गेलो. त्याने आधी कंपनीला नाही, कॅप्टनच्या घरी फोन लावला. रिसीव्हर उजव्या कानाला होता. मी शेजारीच उभा होतो.

"सर, मी उद्या येत नाही. कानाचं सांगून टाकतो." मग बराच वेळ तो ऐकत होता. "नाही सर, फक्त माझ्या कानाचं. तुमचं नाव नाही घेणार. पण सर, तुम्हीपण नका ना जाऊ."

फोन तिकडून बंद झाला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तुझ्या जागी कोण येणार तेवढं विचारून सांग. आणि म्हणाले, निवृत्तीला माझी चारच वर्षं उरलीत."

मग त्याने कंपनीला कळवलं. दिलेला शब्द पाळला. मी म्हणालो, त्यांचंही सांग. तो म्हणाला, "तू सांग. तू पेपरवाला आहेस." मी बूथवाल्याकडे बघितलं. आमच्यामागे दोन माणसं रांगेत होती. आम्ही बाहेर आलो.

त्याच्या परवान्याचं पुढे काय झालं ते एका ओळीत सांगता येतं. वापीच्या डॉक्टरांनी कानाच्या पडद्याला भोक असल्याचं लिहून दिलं आणि तो पुन्हा उडाला नाही. मला आठवतो तो सोमवार. तो सकाळी पावणेसातलाच ओट्यावर येऊन बसला, घड्याळ मनगटावरून काढून समोर ठेवलं. वेळापत्रक त्याला पाठ होतं. सात चाळीसला म्हणाला, "उतरले असतील." आठ वाजता, "निघाले." मी त्या दिवशी कार्यालयात गेलो नाही. काही झालं तर बातमीची तार तिथेच येईल, हे माहीत असूनही गेलो नाही. बायकोने दोनदा जेवायला बोलावलं. फिटर दुपारच्या पाळीला निघताना फाटकाशी थांबले, "किती झाल्या?" भावाने चार बोटं दाखवली.

संध्याकाळी तो म्हणाला, "सहावी." घड्याळ पुन्हा बांधलं आणि हात धुवायला गेला.

मंगळवारीही त्या विमानाच्या सहा फेऱ्या होत्या, आणि डाव्या खुर्चीवर कॅप्टन तेच.