सुलभाताईंचा हात

फाल्गुन लागला आणि समोरच्या गच्चीवर सुलभाताई रोज सकाळी दिसू लागल्या. वयाने माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. सतरंजीवर उभ्या राहून त्या सावकाश हात वर नेत, सावकाश खाली वाकत, आणि त्यांची बोटं अलगद जमिनीला टेकत. मी चहा पीत खिडकीतून बघायचे आणि खरं सांगते, जळायचे. माझे हात गुडघ्यांखाली जात नव्हते.

शेवटी ईर्ष्येने मीही घरात सतरंजी टाकली. पहिल्याच दिवशी जोर लावून वाकले आणि कमरेत अशी उसण भरली की चार दिवस अंथरुणात होते.

पाचव्या दिवशी सुलभाताईच चौकशीला आल्या. मी फणकारले, "तुम्हाला बरं जमतं हो सगळं!"

"दोन वर्षांपूर्वी छातीचं ऑपरेशन झालं," त्या शांतपणे म्हणाल्या. "हा हात खांद्यापर्यंतही जात नव्हता. केस विंचरायला लेक लागायची. रोज बोटभर वर नेत गेले. दुखलं की थांबायचे, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा करायचे."

मी नजर वळवली. खिडकीबाहेरच्या पिंपळाला कोवळी, तांबूस पालवी फुटली होती. ती नेमकी कधी फुटली, हे रोज तिथेच बसूनही मला कळलं नव्हतं.

"बरं वाटलं की गच्चीवर या," जाताना त्या म्हणाल्या. "वाकायचं नाही. नुसता श्वास घेत बसू."

आठवड्याने गेले. त्यांच्या शेजारी बसून डोळे मिटले. मग हळूच एक डोळा उघडून पाहिलं, त्यांचा श्वास माझ्याहून किती लांब चालतो ते.