पक्कडकाकांनी आवळलेला सांधा

आमच्या इमारतीतल्या प्लंबरला सगळे पक्कड म्हणतात. समोर असले तर काका जोडून. जवानीत त्यांच्या पंजात काय ताकद होती म्हणून सांगू! सांधा असा आवळायचे की थेंबाची बाहेर पडायची टाप नसे. पान्याच्या दांड्याला लांब पाइप अडकवून जोर काढणाऱ्यांना ते नावं ठेवत. “तो प्लंबर नव्हे, हमाल!”

आता सत्तरी उलटली. हात खांद्याच्या वर जायच्या आधी तोंडातून ‘आई गं’ निघतं. बरणीचं झाकण काकू गुपचूप सैल करतात आणि यांच्यापुढे धरतात, “अहो, माझ्याच्यानं निघत नाही.” काका फटकन उघडतात, मिशीवर ताव देतात. हे अख्ख्या इमारतीला ठाऊक आहे. कोणी पसरवलं ते विचारू नका.

परवा मास्तरीणबाईंच्या मोरीतला सांधा गळायला लागला. “जमेल ना काका? नाहीतर कोपऱ्यावरच्या नव्या प्लंबरला बोलावते.” झालं! काकांचा चेहरा असा, की बाईंनी जणू त्यांच्या तेराव्याचं आमंत्रण दिलं. तो नवा एकदा का मोरीत शिरला, की काकांना पुन्हा कोण हाक मारणार?

काका उकिडवे बसले. जोर लावला. पाना घसरला. बोटं मिटेनात.

“कुठल्या गाढवानं आवळलाय हा?”

“तुम्हीच,” मागोमाग आलेल्या काकू दारातून म्हणाल्या. “तेव्हा आपलं लग्न नवं होतं. मी डबा घेऊन इथंच उभी होते, म्हणून जरा जास्तच जोर दाखवलात.”

बाई फोन आणायला आत वळल्या. तेवढ्यात काकूंनी पाठीमागे लपवलेला लांब पाइप पुढे केला. गंमत बघायला आलेला मी दारातच होतो. मला डोळ्यांनी दटावलं.

“म्हणजे आता हमाली करू?”

“करा. का त्याला येऊ देऊ?”

काकांनी पाइप अडकवला. दोघं मिळून लोंबकळली. काकू कण्हल्या, काकांनी स्वतःच्याच तरुणपणाला दोन शिव्या हासडल्या, आणि करकरत सांधा सुटला.

नवा वायसर बसवून काका आवळू लागले.

“अजून आवळा की!” काकू म्हणाल्या.

“पुरे. पुढच्या खेपेला उघडायला मीच यायचोय.”

बाई फोन कानाला लावून आल्या. “निघाला? एकट्यानं?”

“नाहीतर काय!” पाइपावर पदर सारत काकू म्हणाल्या. “फटकन.”