कोपरे घासलेले बोल्ट

त्या गुन्ह्याची आठवण निघाली की आजही मी नकळत उजवा हात खिशात घालतो. एवढ्या वर्षांच्या नोकरीत या हाताने बरंच काही केलं आणि त्यातलं बरंचसं मी विसरलो. ही घटना मात्र विसरलो नाही, आणि ती आठवली की राग येतो. एका लबाड माणसाचा राग येतोच, पण त्याच्या गोड बोलण्याला भुललेल्या ठाणेदाराचा जास्त येतो. तो ठाणेदार मीच होतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या कापसाच्या एका बाजारपेठेच्या गावी माझी नेमणूक होती. गावाचं नाव लिहीत नाही, माणसांचीही लिहिणार नाही. गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला, ती वर्षं. जो तो शेतीबद्दल बोलत होता आणि ते बरोबरच होतं. पण कापूस नाही म्हणजे त्यातली सरकी काढणाऱ्या जिनिंग बंद, आणि जिनिंग बंद म्हणजे तिथल्या यंत्रांचे शाफ्ट, रोलर, बोल्ट करणारी लेथची दुकानंही बंद, याची कुणाला आठवण नव्हती. बसस्टँडमागच्या गल्लीत अशी अकरा दुकानं ओळीने होती. बहुतेक मुसलमान घरं, वडिलांच्या हाताखाली काम शिकलेली. त्यातले एक मिस्त्री पंचावन्नच्या आसपासचे होते आणि सगळी गल्ली त्यांना मानायची.

अशा दिवसांत गावात एक समन्वयक आला. वय चाळिशीच्या आत, इस्त्रीचा शर्ट, तोंडात साखर. तो ज्या मोठ्या कंपनीकडून आला होता ती म्हणे पश्चिम किनाऱ्याजवळ समुद्रात पवनचक्क्या उभारणार होती. त्याआधी वारा मोजायला समुद्रात एक लोखंडी मचाण उभं करायचं होतं. त्याच्या शिड्या, कंस, बोल्ट असा लहान माल लहान गावांतल्या दुकानांकडून घ्यायचा, पुढे चक्क्यांचंही काम द्यायचं, अशी योजना होती. योजना खोटी नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. मंगल कार्यालयात सभा झाली तेव्हा बंदोबस्ताला मीही होतो. ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता, ती अकरा माणसं पहिल्या रांगेत इस्त्रीचे कपडे घालून बसली होती. बोल्टांचं काम मिस्त्रींना मिळालं. त्यांनी तयार करून समन्वयकाच्या गोदामात द्यायचे, पुढे जस्ताचा मुलामा चढवून ते किनाऱ्यावर जायचे. त्या दिवसापासून मिस्त्री चहाच्या टपरीवर भेटेल त्याला सांगत, "माया हातचा बोल्ट समुद्रात लागून राह्यला."

चार महिन्यांनी समन्वयक फाइल घेऊन ठाण्यात आला. बंदराच्या यार्डात मचाणाची शिडी समुद्रात नेण्याआधी उभी जोडून पाहत असताना बोल्ट तुटले आणि वर चढलेला कामगार शिडीसकट खाली आला. कामगार आमच्याच जिल्ह्यातला, फुलसावंगीचा. शेतात काही उरलं नाही म्हणून तिकडे मजुरीला गेलेला. त्याची कंबर मोडली, पाय गेले ते कायमचेच. समन्वयकाची तक्रार अशी की मिस्त्रीने भंगारातले बोल्ट घासूनपुसून दिले आणि कंपनीची फसवणूक केली. फाइलमध्ये पानापानाला रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या होत्या. मी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. गुन्हा दाखल झाला. तुटलेले सात बोल्ट तिकडच्या पोलिसांनी सीलबंद करून आमच्याकडे पाठवले, ते मालखान्यात जमा केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याच्या फोनवर निनावी खबर आली. मिस्त्रीच्या दुकानात जुन्या बोल्टांचं पोतं आहे, लवकर जा, नाहीतर हलवतील. मी दोन पंच आणि चार माणसं घेऊन निघालो. पोतं खरंच होतं. जगातल्या कुठल्याही लेथच्या दुकानात असं पोतं असतंच, ही गोष्ट नेरसारख्या गावात वाढलेल्या मला कळायला हवी होती. पण फुलसावंगीच्या त्या माणसाचा भाऊ दोन दिवसांपासून ठाण्याच्या ओट्यावर बसून होता, वरून साहेबांचे फोन चालू होते, आणि माझं डोकं आधीच तापलेलं होतं.

"साहेब, हे भंगार तं अकराही दुकानांत भेटन तुमाले," मिस्त्री म्हणाले. "याच्यातला एक बी बोल्ट म्या देल्ला नाही."

"कोणाले शिकवून राह्यला बे तू?" असं म्हणून मी त्यांच्या कानाखाली वाजवली. दहा दुकानांची माणसं आपापल्या दारात उभी होती. मिस्त्रींची टोपी खाली पडली, ती त्यांनी उचलली, झटकली आणि हातातच धरून गाडीत बसले.

कोर्टाने दोन दिवसांची पोलीस कोठडी दिली. चौकशीत मी सील फोडून तुटलेल्यातला एक बोल्ट टेबलावर टाकला. मुलामा चकचकीत होता, मधूनच तुटला होता, डोकं शाबूत होतं. मिस्त्रींनी तो उचलला, डोक्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि बोल्ट माझ्याकडे सरकवून दिला.

"हा माया हातचा नाही."

"कशावरून?"

"यानं बोट कापते, साहेब."

मला वाटलं, हा माझी थट्टा करतोय. आरोपी उडवाउडवीची उत्तरं देतो, असं मी केस डायरीत लिहिलं. ते वाक्य माझ्याच अक्षरात आहे आणि मी ते अनेकदा वाचलं आहे. माणूस पुरावा माझ्या हातात देत होता आणि मी त्याला उर्मटपणा समजत होतो. मी एक प्रश्न पुढे विचारला असता, तर प्रकरण त्याच टेबलावर मिटलं असतं. पण चिडलेला पोलीस प्रश्न विचारत नाही, तो फक्त उत्तराची वाट पाहतो, आणि तेही त्याला हवं असलेलंच.

गुन्हा पक्का करायला मला आणखी एक साक्षीदार हवा होता. मिस्त्री नेहमीच हलका माल देतात, असा जबाब कुणी दिला असता तर काम भागलं असतं. म्हणून मी गावाबाहेरच्या एका जिनिंगमध्ये गेलो. अकरा यंत्रांतलं एकच चालू करायची तयारी चालली होती. तिथला म्हातारा फिटर शेतकरी घरातला, पण आयुष्य जिनिंगमध्येच गेलेलं. मी काय हवंय ते सांगितल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मिस्त्रीच्या मालाची खराबी लिहून पाह्यजे का तुमाले? मंग दुसऱ्या गावात जा."

तो यंत्राच्या एकेका बोल्टाच्या डोक्यावरून अंगठा फिरवत होता. मिस्त्रींनीही कोठडीत असाच अंगठा फिरवला होता.

"हे काय करून राह्यले?" मी विचारलं.

"कोपरा पाह्यतो. कोपरा तिखट राह्यला का त्याले कापसाची रुई अडकते. रुई साचली का गरम होते, अन् एक ठिणगी उडाली का सारी जिनिंग खाक. आमच्या गल्लीतला बोल्ट म्हनजे डोक्याचे साही कोपरे कानसीनं घासलेले राह्यतात. कोनाले सांगा लागत नाही. हाताची सवयच हाय ते."

"समुद्रातल्या कामासाठी बोल्ट केला तरी घासतील?"

फिटर हसला. "साहेब, मिस्त्री सोताच्या खाटेचा बोल्ट बी घासन."

मी गाडी थेट ठाण्यात आणली. पंच बोलावून मालखान्यातलं सील पुन्हा उघडलं आणि सातही बोल्ट एकेक करून हातात घेतले. सगळ्यांचे कोपरे जसेच्या तसे तिखट, ना घासलेले, ना भंगारातल्यासारखे झिजलेले. चौथ्या बोल्टाला माझा अंगठा कापला. रक्त पुसलं आणि समन्वयकाच्या गोदामाची झडती घ्यायची तयारी केली. खरं तर हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. फिर्यादीचंही घर तपासायचं असतं, हे मी नव्या पोरांना शिकवत आलो होतो. रंगीत चिठ्ठ्यांपुढे माझी अक्कल गहाण पडली होती.

गोदामाच्या मागच्या भिंतीला बारा लाकडी पेट्या होत्या. आत बोल्ट, सरकीच्या तेलात बुडवून जुन्या बारदानात गुंडाळलेले, गंज चढू नये म्हणून लेकराला गुंडाळावं तसे. प्रत्येकाचे सहाही कोपरे घासलेले. पहिल्या पेटीवर कंपनीच्या तपासनिसाची चिठ्ठी चिकटवलेली होती. लोखंड उत्तम, माप बरोबर, डोक्याचे कोपरे नकाशाप्रमाणे नाहीत, दुरुस्त करून द्यावेत. एवढंच लिहिलं होतं.

समन्वयकाला आणला. या वेळी खुर्ची दिली नाही. निनावी फोन त्याच्या ड्रायव्हरच्या मोबाइलवरून झाल्याचं तोवर कागदावर आलं होतं.

"सर, ती निव्वळ तांत्रिक बाब होती," तो म्हणाला. "मुदत तोंडावर आली होती. बाजारात तसाच दिसणारा माल तयार मिळत होता, मी तो पाठवला."

"अन् कागद मिस्त्रीच्या नावाचे लावले."

मी पेटीवरची चिठ्ठी त्याच्यासमोर ठेवली.

"ही चिठ्ठी मिस्त्रीला दाखवली का नाही?"

"त्यांना काय कळणार, सर? नकाशा वाचता येत नाही त्यांना."

"तुम्ही शिकवला होता? एकदा तरी सोबत बसून?"

त्याने घड्याळाकडे पाहिलं. त्या वेळी माझा हात शिवशिवला आणि मी तो टेबलाखाली दाबून धरला. इथे मारावंसं वाटलं आणि मारलं नाही, आणि जिथे मारायला नको होतं तिथे मारून बसलो होतो. या माणसाने आपली लबाडी लपवण्यासाठी खोटी तक्रार केली, त्यासाठी त्याला अटक झाली आणि पुढे खटला चालला. पण मला त्याचा खरा राग आला तो न बोललेल्या एका वाक्यासाठी. मिस्त्री, कोपरे घासू नका. एवढं वाक्य गल्लीत जाऊन बोलला असता, तर फुलसावंगीचा माणूस आज चालत असता.

कोठडीचा दुसरा दिवस संपायच्या आत मिस्त्रींना सोडण्याचा अहवाल कोर्टात पाठवला. ते माझ्यासमोर उभे होते. मी पहिल्यांदा त्यांना तुम्ही म्हणालो. बसा म्हणालो. तो माल तुमचा नव्हता, हे सांगितलं.

"मंग माया माल कुठी गेला?"

"गोदामात आहे. सगळाच्या सगळा. समुद्रावर गेलाच नाही."

मला वाटलं होतं ते सुटकेचा श्वास टाकतील. त्यांचा चेहरा उतरला तो तेव्हा. अटकेतही असा उतरला नव्हता.

"काहून?"

मी चिठ्ठीचं सांगितलं. त्यांनी अंगठा आपल्या बोटांच्या टोकांवरून फिरवला. मग म्हणाले, "एक डाव सांगतलं असतं तं चार दिवसांत दुसरे करून देल्ले असते, साहेब."

"मिस्त्री, माझं चुकलं."

त्यांनी टोपी घातली. "हे तुमी हितं काहून सांगून राह्यले? चापट तं गल्लीत मारली होती. साऱ्यांच्या समोर."

"येतो मी," मी म्हणालो.

गेलो नाही. आधी बंदोबस्त होता, मग एक खून, मग कुणाचा तरी दौरा. ठाणेदाराने गल्लीत जाऊन माफी मागितली तर उद्या कोण ऐकेल, असंही एका सहकाऱ्याने समजावलं आणि मला ते ऐकायला बरं वाटलं. या कारणांना मी आता नावं ठेवतो. तेव्हा ती मला पुरेशी वाटली होती.

सव्वा वर्षाने कोर्टाने बाराही पेट्या मिस्त्रींना परत द्यायचा हुकूम केला. हवालदाराला पाठवता आलं असतं. मी स्वतः गेलो, गणवेश घालून, भर दुपारी, गल्लीत माणसं असतील अशा वेळी. काय बोलायचं ते जीपमध्ये मनात जुळवलं होतं.

गल्लीत दहा शटर बंद होती. प्रकरण झाल्यावर कंपनीने इथलं काम काढून घेतलं, दुसऱ्या राज्यात दिलं. दुकानदारांपैकी कुणी दिग्रसला ऑटो चालवत होता, कुणी पुण्याला कारखान्यात लागला होता, कुणी लेथ किलोवर विकून मोकळा झाला होता. योजना बरी होती, माणसं कामाची होती आणि एका लबाडाने, एका घाईच्या चापटीने गल्लीचं नाव खराब झालं. पेपरात अटक छापून आली होती. सुटका कुणी छापली नाही.

मिस्त्रींचं दुकान तेवढं उघडं होतं. ते रसवंतीच्या चरकाचा रोलर लावत बसले होते. पेट्या उतरवल्या, पावतीवर सही झाली. मी गल्लीच्या मधोमध उभा राहिलो.

"मिस्त्री, मी त्या दिवशी इथे..."

त्यांनी लेथ बंद केली. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"आता कोनाले सांगता, साहेब?"

मी जीपमध्ये बसलो. मागे लेथ पुन्हा सुरू झाल्याचा आवाज आला.

या गुन्ह्याने काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. मी त्यांना सांगतो, ज्याचा हात त्या वस्तूवर झिजला आहे, त्याला आधी विचारा, आणि तो जे उत्तर देईल त्याच्यापुढे आणखी एक प्रश्न विचारा. दुसरं सांगतो की झालेली चूक ज्या जागी झाली, त्याच जागी आणि लगेच कबूल करा, कारण माणसं तुमच्यासाठी थांबून राहत नाहीत. मी हे दोन्ही केलं नाही. निवृत्तीनंतर त्या गावाकडची एसटी पाहिली तरी माझा चेहरा दुसरीकडे वळतो.

गल्लीतली माणसं आता मला कुठे सापडणार? म्हणून वाचकहो, तुम्हाला सांगतो. त्या दिवशी मी दहा दुकानांच्या माणसांसमोर ज्याला मारलं, तो माणूस निर्दोष होता, आणि त्याचा एकही बोल्ट कधी तुटला नाही.