वालूरला जाऊन मुद्दाम चुकवलेलं एक वाक्य

चारठाण्याची देवळं बघायची हे निमित्त. खरं कारण म्हणजे वालूरहून थोरल्या बहिणीचा, अक्काचा फोन. "आपल्या गिरिजाला बघायला पुण्याचं स्थळ यायलंय. त्यांना इंग्रजी बोलणारी पोरगी पायजे. तू ये, अडखळली तर सावरून घे." मी पुण्यात इंग्रजी शिकवते, त्यामुळे नात्यात कुठंही इंग्रजीला ठेच लागली की मलमपट्टीला मीच.

ट्रॅव्हल्सनं सकाळी सेलूला उतरलात तर आधी चहा घ्या, मग वालूरची जीप शोधा. ती भरल्याशिवाय सुटत नाही, आणि ड्रायव्हरच्या मते ती कधीच भरलेली नसते. माणशी चाळीस रुपये. मांडीवर कुणाचं करडू येऊन बसलं तर ते फुकट.

गिरिजाचा क्लास खताच्या दुकानाच्या माडीवर. पाटी: 'फाडफाड इंग्रजी, हमखास'. मीही जाऊन बसले. तिथले सर व्याकरणाला साचा म्हणतात. त्या दिवशीचा साचा होता इफ, हॅड, वुड हॅव.

"इफ द बस हॅड कम, आय वुड हॅव गॉन," सर म्हणाले आणि वर्ग त्यांच्यामागे केकाटला. "बस आली असती तर गेलो असतो. ध्यानात ठेवा, येळ टळून गेल्यावरच हा साचा काढायचा."

या भागाला इतका शोभणारा साचा मी पाहिला नाही. पूल झाला असता, नळाला पाणी आलं असतं, डॉक्टर मुक्कामी राहिला असता. अख्खा तालुका याच साच्यात राहतो, आणि वर तो इंग्रजीत शिकायला फी भरतो.

दुसऱ्या दिवशी गिरिजाला घेऊन चारठाण्याला गेले. कोरीव खांबांची जुनी देवळं, गर्दी अजिबात नाही. पाणी आणि भाकरी-ठेचा सोबत न्या. भाकरी मोडता मोडता गिरिजा म्हणाली, "मावशी, मला एवढ्यात लग्न न्हाई करायचं. बीएस्सी पुरी करायचीय. पण आबा मला न इचारताच होकार कळवून मोकळे झाले."

"मग सांग की त्यांना."

"इचारल्याबिगर कसं सांगू?"

मला संताप आला. दाजींचा, म्हणजे तिच्या आबांचा, आणि थोडा तिचाही.

रविवारी पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि मामा. अक्कानं सुशीला केला होता, फोडणीचे भिजवलेले मुरमुरे, वर दाण्याचा कूट. वालूरला गेलात तर सोडू नका. मामा मात्र चमच्यानं कूट बाजूला सारत म्हणाले, "आमच्याकडं सगळे इंग्लिशच बोलतात. बोल बेटा, एखादं वाक्य."

गिरिजा खाली बघत म्हणाली, "इफ यू हॅड आस्क्ड मी, आय वुड हॅव सेड नो."

"वा," मामा म्हणाले. मुलगा मोबाइलमधून मान न काढता "नाइस, नाइस" म्हणाला. ज्यांच्यासाठी पोरगी महिनाभर घसा फोडत होती, त्यांचं इंग्रजी एवढंच.

दाजींची छाती फुगली. माझ्याकडे वळून म्हणाले, "लय भारी बोलली. पर म्हणली काय?"

भाषांतर सोपं होतं. मला विचारलं असतं, तर मी नाही म्हटलं असतं. म्हणजे वेळ टळली, आता तारीख काढा.

"ती म्हणते," मी म्हणाले, "मला विचाराल तर मी नाही म्हणेन."

मामांचा चमचा हातातच राहिला. दाजी पोरीकडे वळले. हळूच म्हणाले, "बरं. इचारतो. करायचं का तुला?"

"न्हाई, आबा."

पाहुणे चहाला थांबले नाहीत. अक्का मला स्टँडवर सोडायलाही आली नाही.

पुण्यात येऊन आठवडा झाला. जीपनं दिलेलं कंबरेचं दुखणं गेलं, ठेच्याची बरणी संपत आली. काल अक्काचा फोन आला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती शांतपणे एवढंच म्हणाली, "तू आली नसतीस, तर पोरीचं जमलं असतं."

कुठल्याही क्लासला न जाता किती बिनचूक बोलली. मला फार लागलं ते.

"हो अक्का," मी म्हणाले. "जमलं असतं."