उगवायच्या आधीचं औषध

रेल्वेतून रिटायर झाल्यावर यांनी पूर्ण्यातल्या आमच्या घरापुढे हराळीचं लॉन लावलं. सगळी नोकरी जाड बुटांत गेली होती. आता गवतावर अनवाणी चालायचं, एवढीच हौस. शुगर जुनी, तळवे बधिर झालेले. मी चपला पायाशी आणून ठेवायची, ते बाजूला सारायचे.

लॉनमध्ये सराटा फार यायचा. त्याचा वाळलेला काटा खिळ्यासारखा घुसतो. म्हणून उन्हाळा सरता सरता, पावसाच्या आधी हे जमिनीवर तणनाशक फवारायचे आणि वरून हलकं पाणी द्यायचे. बी रुजतानाच मरायचं.

एका वर्षी नेमक्या त्याच दिवसांत आम्ही लेकीच्या बाळंतपणासाठी नांदेडला होतो. मागं वळवाचे सडाके झाले. परत आलो तर हराळीत सराट्याची बारीक पानं पसरलेली. मी कृषी केंद्रात गेले.

"काकू, ते उगवायच्या आधीचं औषध हाय," दुकानदार म्हणाला. "आता मारून उपेग न्हाई. हातानं उपटा."

दोघांनी बसून उपटलं. हराळीच्या जाळीत किती राहिलं, ते दिसत नव्हतं.

दिवाळीच्या सुमारास यांच्या चादरीवर डाग दिसला. टाचेत काटा मोडून आत पू झाला होता.

"दुखलं न्हाई तुमाला?"

"कळलंच न्हाई."

नांदेडचे डॉक्टर म्हणाले, उशीर केलात. गुडघ्याखालून पाय काढावा लागला.

पुढच्या उन्हाळ्यात यांनी खुर्ची अंगणात ठेवायला लावली. पंप माझ्या पाठीवर, ते बसून सांगत होते. फवारणी वेळेत झाली. त्या पावसाळ्यात सराट्याचं एकही रोप उगवलं नाही. लॉन इतकं साफ कधीच नव्हतं. यांनी खुर्ची घराकडे तोंड करून फिरवून घेतली.

यंदा ऊन तापलं तसं मी विचारलं, "औषध आणू का?"

त्यांनी उरलेला पाय पुढं केला. मग म्हणाले, "ह्या पायाचं बोट काळं पडायलाय."

मी मोजा काढला. एक नाही, दोन बोटं होती.

"कवापासून?"

"लय दिवस झाले."

"मग बोलला का न्हाईत?"

"बोलून काय झालं असतं?"

मी त्यांचे कपडे पिशवीत भरले. दुपारच्या गाडीनं आम्ही नांदेडला निघालो.