पेटीच्या तळाचं पत्रक

आंब्याच्या पेटीतल्या पेंढ्याच्या वासाची कुणाला किळस येते का? मला येते. त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात आमच्या कॉलेजातले छात्रसेनेचे शिक्षक वरच्या साहेबांना खूश करायला कुणकेश्वरकडच्या हापूसच्या पेट्या आमच्याकडून भरून घेत होते. सैन्यात अधिकारी व्हायला धडपडणाऱ्या माझ्या मित्राला एका पेटीच्या तळाशी अंथरलेलं पत्रक दिसलं: अधिकारी प्रशिक्षणासाठी अर्ज मागवलेले. "सर, याची मुदत काल संपली! आम्हाला सांगितलं का नाही?" शिक्षक हसले. "तू ऑफिसर होतलंस? इंग्रजी खंय येता रे तुका? पेंढो घाल, आंबे चेपतले." वयाच्या अटीमुळे मित्राची ती शेवटची संधी होती. त्या लाचार माणसाला मी आज सर म्हणत नाही. विद्यार्थ्यांनो, उद्याच कॉलेजच्या ऑफिसात जा, अशी पत्रकं मागून घ्या आणि मुदतीसकट वर्गातल्या फळ्यावर लिहा.